गावचा ठराव, वरची मंजुरी

५ जानेवारी १९२४ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने एक ठराव मंजूर केला. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करायला पालिकेची हरकत नाही, एवढाच त्याचा आशय. सभा रीतसर होती, तळे पालिकेच्या ताब्यातले होते आणि मुंबईच्या कायदेमंडळाने तशी शिफारसही केली होती. कागदावर काहीच कमी नव्हते. तरीही पुढची तीन वर्षे गावातल्या अस्पृश्यांना त्या तळ्यात ओंजळ बुडवणे शक्य झाले नाही. मग १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे चालत तळ्यावर गेली, दंगल झाली, ऑगस्टमध्ये पालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेले. ते सुटायला १९३७ उजाडले.

गावाच्या किंवा शहराच्या संस्थेला नियम करण्याचा अधिकार असतो, हे आज सगळे गृहीत धरतात. नळाला मोटर लावू नये, कचरा ओला-सुका वेगळा करावा, अमुक रस्त्यावर हातगाडी लावू नये, हे सगळे त्याच अधिकारातून येते. हा अधिकार कोणी दिला, किती दिला आणि तो वापरणाऱ्या टेबलाभोवती कोण बसले होते, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. महाडच्या तळ्याची गोष्ट त्या इतिहासातली सगळ्यात बोलकी आहे. ती समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

पेशवाईतल्या पुण्यात नगरपालिका नव्हती, पण नियम होते. नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळे. येणाऱ्या उदमी लोकांना काही वर्षे करमाफी आणि बदल्यात पेठ भरभराटीला आणण्याची जबाबदारी. पेठेत शेटे आणि महाजन हे वतनदार. बाजाराची घडी त्यांच्या हाती, आणि तंटा झाला की त्यांचा शब्द चाले. शहरभराचा बंदोबस्त कोतवालाकडे होता आणि तो पेशव्यांचा नोकर होता. खेड्यात पाटील-कुलकर्णी, बलुतेदार आणि गोतसभा. गोतसभेने निवाडा दिला की त्याचा महजर होई, हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या त्यावर पडत. या व्यवस्थेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यात शहाणपण होते यात शंका नाही. पण त्या महजरावर निशाणी असलेला महार आणि निवाडा देणारा पाटील एका पातळीवर बसलेले नव्हते. गावाचा नियम हा गावातल्या उतरंडीचाच नियम होता.

गोव्यात तर हे सगळे लेखी उतरले. तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या चालीरीती आफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये एका सनदेत नोंदवल्या. जमिनीची वाटणी, कराची विभागणी, सभेत आधी कोणी बोलायचे, मान कोणाचा, सगळे त्यात आहे. गावकरी संस्था आजही गोव्यात आहेत. सभासद होण्याचा हक्क मूळ घराण्यांतल्या पुरुषांचा, ही जुनी चौकटही बहुतेक ठिकाणी टिकली.

इंग्रजी अमलात नियमाचा उगम बदलला. मुंबई शहरात सुरुवातीला सरकारनेच नियम करायचे आणि पोलीस मॅजिस्ट्रेटने ते चालवायचे, असा प्रकार होता. शहरातल्या लोकांना कोणी विचारत नसे. याचा परिणाम १८३२ च्या जूनमध्ये दिसला. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा नियम आधीपासून होता. त्या वर्षी मुदत वाढवली आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने घरातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृताच्या शेवटच्या विधीतही ते लागते. ६ जूनला, नेमक्या पारशांच्या पवित्र दिवशी, लोक रस्त्यावर आले. दुकाने बंद पडली, लष्कराकडे जाणारी रसदही अडली. कायद्याच्या दृष्टीने तो नियम पक्का होता, पण तो करताना शहरातल्या कोणाशीही बोलणे झाले नव्हते.

१८५० च्या कायद्याने पहिल्यांदा मुंबई इलाख्यातल्या लहान-मोठ्या गावांना नगरपालिका काढायची वाट खुली केली. गावाची इच्छा असेल तर हा कायदा तिथे लागू करायचा, समिती नेमायची आणि तिने रस्ते, दिवे, साफसफाई यांचे नियम करून खर्चासाठी कर बसवायचा. अध्यक्ष बहुतेक ठिकाणी कलेक्टरच आणि सभासद सरकारने नेमलेले. पुण्याची पालिका याच कायद्याखाली उभी राहिली. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले तिचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला पैसे मंजूर करायचा विषय आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे सांगून फुल्यांनी विरोध केला. बाकी सगळी सभा एका बाजूला होती. त्या एका मताने निर्णय बदलला नाही. पालिकेच्या टेबलावर वेगळ्या अनुभवाचा एक माणूस बसला की प्रश्न कसा वेगळा मांडला जातो, हे मात्र त्यातून कळते.

मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले आणि शहराचा नूर पालटू लागला. कत्तलखाने वांद्र्याला हलले, घाण वासाच्या धंद्यांवर टाच आली, मंडई उभी राहिली. क्रॉफर्ड यांचा झपाटा दांडगा आणि खर्चही दांडगा. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला. खर्च एका माणसाच्या हाती नको, लोकांनी निवडलेल्यांची सभा हवी, ही मागणी त्याच वादळात पुढे आली. तरुण फिरोजशहा मेहता तेव्हा लोकनियुक्त सभेच्या बाजूने बोलले. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते.

मग १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा. तो आजही, असंख्य दुरुस्त्यांसह, लागू आहे. त्याच्या ४६१ व्या कलमात महापालिका कोणत्या विषयांवर उपविधी करू शकते याची लांबलचक यादी आहे. गटारे, पाणी, घरांची उंची आणि हवा-उजेड, बाजार, कत्तलखाने, धुण्याच्या आणि आंघोळीच्या जागा, स्मशाने. यादी वाचताना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. या अधिकाराला वेसणही तिथेच आहे. उपविधीचा मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, हरकती ऐकायच्या आणि सरकारने मंजुरी दिल्याशिवाय तो अमलात आणायचा नाही.

इलाख्यातल्या इतर गावांसाठी १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला आणि त्यातही हाच साचा राहिला. कारभाराचे नियम वेगळे, लोकांवर बंधनकारक असणारे उपविधी वेगळे. उपविधीला सरकारची किंवा कमिशनरची आगाऊ मंजुरी. गावातल्या माणसाला हा प्रवास असा दिसे: कचेरीच्या फळ्यावर मसुदा चिकटवलेला, दवंडी पिटलेली, कोणी वकिलाकडून हरकतीचा अर्ज लिहून आणलेला, मग सभेच्या वहीत सूचक आणि अनुमोदकाची नावे आणि शेवटी कागद वर गेलेला. तो वरून परत यायला महिने लागत. परत आला तर त्यात फेरफार असत. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्य ही लोकांच्या राजकीय शिक्षणाची शाळा म्हणून मांडली होती. शाळा तर सुरू झाली, पण पाटी तपासायचा हक्क सरकारने कधी सोडला नाही.

या अधिकाराची एक कठोर परीक्षा प्लेगने घेतली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. कमिशनर स्नो यांनी १८८८ च्या कायद्यातल्या ४३४ व्या कलमाचा आधार घेऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला हुकूम काढला: रोग्याला घरातून काढून रुग्णालयात न्यायचे, गरज पडली तर जबरदस्तीने. हुकूम कलमात बसत होता. पण रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी शहरभर धास्ती होती आणि जातपात, पडदा, मृत्यूनंतरचे विधी यांचा त्यात विचारच नव्हता. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करावा लागला. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि सरकारने पालिकांना बाजूला सारून स्वतःच्या प्लेग समित्या नेमल्या. पुण्याच्या समितीचा प्रमुख रँड. त्या समितीच्या घरझडत्यांनी काय घडवले हे महाराष्ट्राला सांगायला नको. आणीबाणी आली की स्थानिक अधिकार सगळ्यात आधी गुंडाळला जातो, हे तेव्हा दिसले. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत मास्क सक्तीचा झाला तो महापालिका आयुक्तांच्या आदेशाने, पण आधार त्याच १८९७ च्या कायद्याचा होता.

पालिकांच्या हाती आलेला सगळ्यात मोलाचा नियम शाळेचा होता. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मंजूर करून घेतले आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला असा हा पहिला कायदा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आदल्याच वर्षी आपल्या संस्थानात सक्ती लागू केली होती. त्यांना कोणाची मंजुरी लागत नव्हती. पालिकांना मात्र सभा घ्यायची होती, खर्चाचा हिशेब मांडायचा होता, कर वाढवायची हिंमत दाखवायची होती.

पुण्यात या अधिकारावरून १९२० मध्ये जे झाले ते विसरण्यासारखे नाही. सक्ती आधी फक्त मुलग्यांना लागू करावी, मुलींचे पुढे पाहू, पैसे पुरणार नाहीत, असा एक पक्ष होता आणि त्यात शहरातली वजनदार माणसे होती. खुद्द टिळक त्या बाजूचे. विरोधात रमाबाई रानडे, विठ्ठल रामजी शिंदे आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. रमाबाईंच्या पुढाकाराने बायकांनी मोर्चा काढला. ज्या सभेत एकही बाई सभासद नव्हती, त्या सभेच्या दारात बायका आल्या आणि आमच्या मुलींनाही नियमात घ्या, म्हणाल्या. पैशाची अडचण खरी होती, हे मान्य करावे लागेल. पण पैसा अपुरा असताना मुलींना रांगेत मागे उभे करायचे, हा हिशेब नव्हता. ती निवड होती आणि ती करणारे सगळे पुरुष होते.

आता महाड.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांकडे असलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बोले भंडारी समाजातले, ब्राह्मणेतर चळवळीतले, मुंबईच्या कामगारांत वावरलेले. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागायला सांगितले. स्थानिक संस्थांचा विषय आला तिथे मात्र सूर बदलला. कलेक्टरांनी आपल्या भागातल्या संस्थांना ही शिफारस मान्य करणे इष्ट आहे का, याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच. गटाराच्या उपविधीला मंजुरी हवी म्हणून आग्रह धरणारे सरकार माणसाच्या पाण्याच्या हक्कावर फक्त सल्ला देऊन मोकळे झाले.

बहुतेक पालिकांनी आणि लोकल बोर्डांनी तो सल्ला बासनात बांधला. महाडने तसे केले नाही, याचे श्रेय तिथल्या काही माणसांना द्यायला हवे. सुरेंद्रनाथ टिपणीस हे महाडच्या नगरपालिकेतले पुढारी. अनंतराव चित्रे त्यांचे सहकारी. दोघेही सवर्ण आणि दोघेही पुढे डॉ. आंबेडकरांबरोबर ठाम उभे राहिले. १९२४ चा ठराव अशा माणसांमुळे झाला. पण ठराव मंजूर करणारी सभा आणि तळ्याकाठची घरे यांच्यात मोठे अंतर होते. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होती. पालिकेने ना फलक लावला, ना कोणाला संरक्षण दिले, ना अडवणाऱ्याला दंड ठेवला. मतदारयादीत नाव यायला कर भरण्याची अट असलेल्या त्या काळात, ज्यांना पाणी हवे होते त्यांची मतेही त्या सभेला मोजावी लागत नव्हती.

१९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला. जी पालिका किंवा बोर्ड हे अमलात आणणार नाही तिचे अनुदान सरकारने थांबवावे. तोही मंजूर झाला.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी पाणी हवे होते आणि ते चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. गावात पालिकेचे तळे होते, ते तीन वर्षांपूर्वी ठरावाने खुले झाले होते आणि परिषदेच्या स्वागत समितीला पाण्यासाठी पैसे मोजावे लागत होते. मिळालेल्या पण न वापरता येणाऱ्या हक्काचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळे जण शिस्तीत तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकर पाणी प्याले, मग बाकीचे. परत येऊन लोक जेवायला बसत होते तेवढ्यात, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि मंडपावर, रस्त्यात, परतीच्या वाटेवर माणसांना मारहाण झाली. त्यानंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. जे करण्याचा अधिकार आहे ते मोडण्याचाही अधिकार असतो, या नियमाने पालिकेने काही बेकायदा केले असे म्हणता येत नव्हते.

डिसेंबरच्या अखेरीस सत्याग्रह होणार, अशी घोषणा झाली. त्याआधी, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे आमचे खासगी आहे, निदान ते फक्त आम्हीच वापरावे अशी अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हा त्यांचा मुद्दा. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. हजारो लोक महाडात जमलेले, सत्याग्रह करायचा की कोर्टाचा हुकूम पाळायचा हा पेच. आंबेडकरांनी हुकूम पाळला. तिथे भरलेल्या सत्याग्रह परिषदेत २५ डिसेंबरला, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर, मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला जागा गावातल्या एका मुसलमान गृहस्थाने दिली होती. सवर्णांपैकी कोणी ती द्यायला तयार नव्हते.

दावा दहा वर्षे चालला. मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला. खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड होते. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा देणारे तेच. निकालाचा गाभा साधा होता. तळे सार्वजनिक, ते नगरपालिकेच्या मालकीचे, आणि सवर्णांनाच वापरता येईल अशी अनादी वहिवाट वादी सिद्ध करू शकले नाहीत.

या निकालात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जिंकणाऱ्या बाजूला पालिकेच्या १९२४ च्या ठरावाची गरज पडली नाही. तो तर रद्दच झालेला होता. आधार मिळाला तो तळे पालिकेकडे आहे, म्हणजे सगळ्यांचे आहे, या गोष्टीचा. पालिकेच्या सभेत बहुमत इकडचे तिकडे झाले की ठराव येतो आणि जातो. पण जे सार्वजनिक आहे ते सार्वजनिकच राहते, आणि ते मागे घेणे सभेच्या हाती नसते. स्थानिक अधिकाराची खरी मर्यादा महाडने दाखवली ती ही. वरच्या मंजुरीने पालिकेला लगाम घातला होता तो पैशाच्या आणि व्यवस्थेच्या बाबतीत. माणसाच्या हक्काचा लगाम मात्र कोर्टातून, आणि त्याआधी तळ्याकडे चालत गेलेल्या पायांतून आला.

हा सगळा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढे ग्रामपंचायतींबद्दल काय बोलतो, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना आंबेडकरांनी बजावले, की सर्वांना मताधिकार दिला तरी तेवढ्याने भागणार नाही. अल्पसंख्य दलितांना राखीव जागा नसतील तर पंचायत त्यांच्यावरच चालेल. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवाला आणखी कडक शब्दांत उत्तर दिले. अनेक गांधीवादी सभासद दुखावले. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले, आजचे कलम ४०. आंबेडकर खेड्याचे शत्रू होते, असे म्हणणाऱ्यांनी महाडच्या पालिकेचा १९२७ चा ऑगस्ट डोळ्यांपुढे ठेवावा.

राखीव जागांची त्यांची मागणी शेवटी १९९३ मध्ये साऱ्या देशाला लागू झाली. २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी आणि १ जूनला चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. अधिकार किती द्यायचे हे मात्र घटनेने राज्यांवर सोडले. राज्य कायद्याने ते 'देऊ शकेल', अशी २४३ छ या कलमाची भाषा आहे. १८५० पासूनचा धागा इथे सलग दिसतो: टेबलाभोवतीची माणसे बदलली, पण मंजुरी अजूनही वरून येते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने त्या मंजुरीसाठी वर्षानुवर्षे अभ्यास केला, कागद गोळा केले आणि २००९ मध्ये अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना हवा होता, तो वनखाते द्यायला तयार नव्हते. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा तो ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावात बहुमताने ठराव होत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय लांबणीवर टाकतात.

दुसऱ्या टोकाला गावकी आहे. महाड ज्या जिल्ह्यात येते त्याच रायगडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, एकविसाव्या शतकातही, कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. किराणा नाही, लग्नाचे आमंत्रण नाही, कोणी बोलले तर त्यालाही दंड. या गावकीला कायद्याने दमडीचा अधिकार नाही, तरी तिचा नियम लोक पाळतात, कारण मोडणाऱ्याला शेजारी राहायचे असते. नगरपालिकेच्या कायदेशीर ठरावाकडे १९२४ मध्ये जी धमक नव्हती ती या बेकायदा नियमात भरपूर आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये अमलात आला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य.

बायकांनी मिळवलेला एक अधिकार मतपत्रिकेवर काढलेल्या चित्रावरून ओळखला जातो. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. २००८ च्या आदेशानुसार निर्णय लागतो तो झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांनी. जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली, जी माहेरी आहे, जिचे नाव मेल्यावरही यादीत राहिले आहे, त्या सगळ्यांची न पडलेली मते दुकानाच्या बाजूने धरल्यासारखीच होतात. इतकी चढण असूनही अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे.

आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ठराव केला, तेव्हा शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे होत होती. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायातली जोडवी काढणे, हे गावात होणार नाही. कोविडच्या दोन वर्षांत गावोगाव तरुण बायकांचे नवरे गेले होते. ठरावाची सूचक बाई होती आणि अनुमोदकही. या ठरावाला वरून कोणी सांगितले नव्हते, सल्लाही दिला नव्हता. राज्य सरकारनेच त्या महिन्यात परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही अनेक ग्रामसभांनी तसे ठराव केले. त्या परिपत्रकात दंडाची तरतूद नाही. अंमलबजावणी जनजागृतीवर सोडलेली आहे. म्हणून मयताच्या घरी जाऊन बांगड्या फोडणाऱ्या हातांना थांबवायचे काम सरपंच, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या बायकांकडे आले आहे. विधवा प्रथांविरुद्ध शिक्षेसह राज्यभराचा कायदा करावा, अशी मागणी चळवळीतले लोक तेव्हापासून करत आहेत.